स्वीकार कशाचा आणि कुणी करायचा?

सुरुवातीला एक छोटी सूचना. आजचं व्याख्यान तासाभराचं आहे. ज्यांना एवढा वेळ एका जागी बसवत नसेल त्यांनी खुशाल उठावं, मागे येरझाऱ्या घालाव्यात, हाताला काही चाळा हवा असेल तर तोही ठेवावा. आम्हाला त्याचा त्रास होणार नाही. पुढच्या रांगेवरची एक ट्यूब लुकलुकत होती, ती संयोजकांना सांगून बंद करून घेतली आहे. या सूचनेचा आजच्या विषयाशी संबंध आहे. तो शेवटी सांगू.

मागच्या वेळी आपण स्टोइक विचारवंतांपाशी थांबलो होतो. एपिक्टेटस आठवतो ना? हिएरापोलिसचा, रोममध्ये गुलाम म्हणून राबलेला, पुढे मुक्त होऊन ग्रीसमध्ये निकोपोलिसला शाळा चालवणारा. त्याचं मुख्य सांगणं असं, की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि या दोहोंमधली रेघ ज्याला ओळखता आली त्याला शांतता लाभली. जे हातात नाही त्याचा स्वीकार. ऐकायला सोपं वाटतं. पण ही रेघ नेमकी कुठे ओढायची, आणि ती सगळ्यांसाठी एकाच जागी असते का, हा प्रश्न त्या वेळी आपण बाजूला ठेवला होता. आज तोच घ्यायचा आहे. आणि तो पुस्तकातल्या माणसावर नाही, तर दोन प्रकारच्या खऱ्याखुऱ्या माणसांवर तपासून पाहायचा आहे: ज्यांना ऑटिझम आहे आणि ज्यांना एडीएचडी आहे. स्वीकारावर उभ्या असलेल्या मानसोपचारांची या माणसांशी गाठ कशी पडली, आणि त्या गाठीतून उपचारच कसा बदलत गेला, याचा हा इतिहास. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. उपचार करणारे नव्हे. तेव्हा इथे कुणाला औषध किंवा पथ्य सांगणार नाही.

आधी उपचाराची वंशावळ पाहू. गेल्या शतकाच्या मध्यावर वर्तनोपचार आले. त्यांचा भर बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावर. भीती वाटते ना, मग भीतीच्या वस्तूजवळ पायरीपायरीने जा, शरीराला नवी सवय लाव. ही पहिली लाट. १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी सरळ एपिक्टेटसला साक्षीला बोलावलं. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलचा त्याचा दृष्टिकोन अस्वस्थ करतो. मग तो दृष्टिकोन तपासा, त्यातला अविवेक खोडून काढा. पाठोपाठ फिलाडेल्फियाला एरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांवर काम करत बोधनिक उपचार उभा केला. ही दुसरी लाट. मराठी वाचकाला ती परकी नाही. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत रुजवली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात त्या पुस्तकांपैकी एखादं असेल.

एलिस यांच्याकडेही स्वीकार होताच, बरं का. स्वतःचा बिनशर्त स्वीकार, इतरांचा बिनशर्त स्वीकार, आयुष्याचा बिनशर्त स्वीकार. तुझं वागणं चुकलं असेल, पण म्हणून तू माणूस म्हणून कमी ठरत नाहीस, हे ते हिरिरीने सांगत. पण विचारांशी मात्र त्यांचा सामना वादविवादाचा. अविवेकी विचार दिसला की त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि उलटतपासणी घ्यायची.

तिसऱ्या लाटेचा सूर इथेच बदलतो. १९७८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेत स्टीव्हन हेज नावाचे तरुण मानसशास्त्रज्ञ विभागाच्या बैठकीला बसले होते. ज्येष्ठ प्राध्यापकांची खडाजंगी चालली होती. हेज यांना काही बोलायचं होतं, पण तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तो त्यांचा तीव्र भीतीचा पहिला झटका. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितला आहे. गंमत पाहा, हा माणूस वर्तनशास्त्रातच तयार झालेला. भीतीवरचे सगळे उपाय त्याला माहीत. ते त्यांनी स्वतःवर करून पाहिले, आणि झटके वाढतच गेले. अखेरीस त्यांच्या लक्षात आलं, की भीती घालवण्यासाठी चाललेली ही झटापटच भीतीला खतपाणी घालते आहे.

हे नुसतं एका माणसाचं अनुभवकथन राहिलं नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल अधिकच वेळा आलं. दडपलेला विचार दामदुपटीने परततो, हे आपल्या आज्यांना प्रयोगाशिवाय माहीत होतं, पण शास्त्राला प्रयोग लागतो.

हेज यांनी ऐंशीच्या दशकात पद्धतीचा पहिला आराखडा केला. १९९९ साली कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांच्याबरोबर त्यांचा ग्रंथ आला आणि पद्धतीचं नाव पक्कं झालं: स्वीकार आणि वचनबद्धता उपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ॲक्ट’ म्हणतात, आणि ‘कृती कर’ हा अर्थही त्यात मुद्दाम ठेवलेला आहे. तिची सहा अंगं सांगतात. नकोशा भावनेला जागा देणं. विचाराकडे विचार म्हणून पाहणं, त्याला आज्ञा न मानणं. वर्तमानात राहणं. या साऱ्याकडे पाहणारा जो ‘मी’ आहे त्याची ओळख ठेवणं. आपल्याला खरोखर मोलाचं काय वाटतं ते ठरवणं. आणि त्या मूल्याच्या दिशेने पाऊल टाकणं. म्हणजे वाद नाही, उलटतपासणी नाही. दुःखाला म्हणायचं, तू बस इथे बाजूला, मला माझं काम करायचं आहे.

याच काळात दोन शेजारी उभे राहत होते. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी ध्यानावर आधारित तणावनियमनाचा कार्यक्रम सुरू केला. आणि सिॲटलला मार्शा लिनेहन आत्महत्येच्या कड्यावर पुनःपुन्हा जाणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करत होत्या. त्यांचा अनुभव फार शिकवणारा आहे. नुसतं ‘बदल’ म्हटलं की या स्त्रिया म्हणत, म्हणजे माझं दुःख तुम्हाला खोटं वाटतं. नुसतं ‘स्वीकार’ म्हटलं की म्हणत, म्हणजे मी अशीच कुजत राहू? लिनेहन यांनी दोन्ही हातांत दोन्ही धरले. १९९३ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या उपचारपद्धतीच्या नावातच द्वंद्वात्मकता आहे. हेगेल शिकवताना आम्हाला जे उदाहरण सापडत नसे ते त्या दवाखान्यात सापडलं. २०११ साली लिनेहन यांनी जाहीर केलं, की तरुणपणी त्या स्वतः अशाच रुग्ण होत्या.

ही झाली एक वंशावळ. आता दुसरी. उपचार ज्यांच्यापर्यंत पोचायचा होता त्या माणसांची, खरं तर त्यांना दिलेल्या नावांची.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण चंचल, उतावीळ, क्षणात भडकणारी मुलं त्याने वर्णन केली. आजच्या एडीएचडीच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण तिथून करतात. स्टिलने या अवस्थेला म्हटलं, नैतिक नियंत्रणातला दोष. त्याच्या मते हा दोष शारीरिक कारणांनीही असू शकत होता, म्हणजे तो काही निव्वळ उपदेशक नव्हता. पण ‘नैतिक’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच. १९३७ साली ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी अशा ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं आणि जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास अचानक सुधारला. उत्तेजक दिल्यावर मूल स्थिर होतं, हे कोडंच होतं. १९६८च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत या अवस्थेचं नाव अतिचंचलतेवरून होतं, १९८०च्या पुस्तिकेत भर अवधानावर आला, आणि १९८७ मध्ये आजचं नाव आलं. पुढे रसेल बार्कली यांनी मांडलं, की या माणसांना काय करायला हवं हे ठाऊक नसतं असं नाही; जे ठाऊक आहे ते नेमक्या वेळी करता येत नाही. अडचण ज्ञानात नाही, ज्ञान आणि कृती यांच्या सांध्यात आहे. ॲरिस्टॉटल वाचलेल्यांचे कान इथे टवकारतील. कळतं पण वळत नाही, याला तो अक्रासिया म्हणतो. पण ॲरिस्टॉटलने ती सवयीची आणि चारित्र्याची गोष्ट मानली. इथे ती मेंदूच्या जडणघडणीची निघाली.

ऑटिझमचं काय? हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात रूढ केला. ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः. बाह्य जगाकडे पाठ फिरवून आत गेलेला, असा अर्थ. आपण मराठीत त्याचं ‘स्वमग्नता’ केलं आणि ब्लॉयलरची समजूतही त्याबरोबर उचलली. ज्या मुलाला पंख्याचा आवाज, शेजारच्या कुकरची शिट्टी, शर्टाचं लेबल, हे सगळं एकदम आणि मोठ्याने जाणवतं, ते स्वतःत मग्न आहे असं म्हणायचं? त्याला तर जग जरा जास्तच पोचतं आहे. म्हणून आम्ही आज ऑटिझम हाच शब्द वापरतो आहोत.

१९४३ साली बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्परगर यांचा निबंध आला. त्यानंतरची दोन दशकं मात्र लाजिरवाणी आहेत. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा समज पसरला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात तो लोकप्रिय केला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच पुराव्यानिशी याचा प्रतिवाद केला होता, पण मधल्या काळात किती आयांनी हा कलंक वागवला असेल याची मोजदाद नाही.

मग आले लोवास. लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास यांनी वर्तनशास्त्राची तत्त्वं वापरून मुलांना शिकवायला सुरुवात केली. आठवड्याला ४० तास, सलग काही वर्षं. १९८७ साली त्यांनी जाहीर केलं, की १९ मुलांपैकी ९ मुलं इतर मुलांसारखी झाली. अनेक पालकांना तो पहिला आशेचा किरण वाटला, हे विसरता कामा नये. पण ‘इतर मुलांसारखी’ हे ध्येयच पाहा. हात फडफडवू नकोस, डोळ्यात पाहा. आणि सुरुवातीच्या काळात यासाठी ओरडणं, चापटी, विजेचे झटकेसुद्धा वापरले गेले.

इथे आमच्या मते या इतिहासातला सर्वांत अवघड पेच आहे. हेज यांची स्वीकाराची पद्धत आणि लोवास यांची सुधारणेची पद्धत ही एकाच झाडाची दोन फांद्या आहेत. ते झाड म्हणजे स्किनरचं वर्तनशास्त्र. ज्या परंपरेने ऑटिस्टिक मुलाला सांगितलं, तू आहेस तसा चालणार नाहीस, त्याच परंपरेतून काही वर्षांनी हाक आली, की आता स्वीकार करायला शिक. मोठे झालेले ते लोक या हाकेकडे संशयाने पाहतात. त्यांचं चुकतं असं आम्हाला वाटत नाही.

आणि खरोखरच, या उपचाराने ऑटिझमच्या क्षेत्रात टाकलेल्या सुरुवातीच्या पावलांमध्ये एक पाऊल ऑटिस्टिक माणसांकडे नव्हतंच. ते होतं आईवडिलांकडे. २००६ साली ब्लॅकलेज आणि हेज यांनी २० पालकांबरोबर घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पालकांचं नैराश्य आणि ताण हलका झाला. चांगली गोष्ट. पण त्याआधी १३ वर्षं, १९९३ साली, टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांसमोरच विषय मांडला होता. त्याचा आशय असा: तुम्ही शोक करता तो न जन्मलेल्या, कल्पनेतल्या मुलाचा, तो तुम्ही करा, पण आमच्यासमोर करू नका, कारण आम्ही जिवंत आहोत आणि तुमची वाट पाहतो आहोत. स्वीकाराचं तत्त्वज्ञान म्हणून आम्हाला हे भाषण अनेक पाठ्यपुस्तकांपेक्षा स्पष्ट वाटतं. इथे स्वीकार करणारा बदलला. ज्याला वेगळं म्हटलं गेलं तो म्हणतो, पहिली पाळी तुमची.

आता प्रत्यक्ष उपचार या माणसांपर्यंत आला तेव्हा काय काय बदलावं लागलं ते पाहू.

एडीएचडीच्या बाबतीत २००२ साली जर्मनीत फ्रायबुर्गला बर्न्ड हेसलिंगर आणि सहकाऱ्यांनी लिनेहन यांच्या कौशल्यवर्गांचं प्रौढ एडीएचडीसाठी रूपांतर करून पाहिलं. २००८ साली लॉस एंजेलिसला लिडिया झायलोवस्का यांनी प्रौढ आणि किशोरवयीन अशा ३२ जणांबरोबर आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग घेतला. मूळ कार्यक्रमात दिवसाला ४५ मिनिटं बसणं अपेक्षित. आता ज्याची तक्रारच ‘बसवत नाही’ ही, त्याला पाऊण तास बस म्हणायचं? त्यांनी सुरुवात पाच मिनिटांनी केली आणि ती पंधरापर्यंत वाढवली. बसण्याऐवजी चालत ध्यान करायची मुभा दिली. एडीएचडी म्हणजे काय हे आधी नीट समजावून सांगितलं, म्हणजे ‘मी आळशी’ हा जुना शिक्का थोडा सैल होतो. लक्ष भरकटलं तर ते अपयश मानायचं नाही. भरकटलं हे कळणं आणि परत येणं, हाच व्यायाम. या दृष्टीने पाहिलं तर ज्याचं लक्ष पन्नास वेळा भरकटतं त्याला परत येण्याचा सराव पन्नास वेळा मिळतो.

सहाव्या अंगाची, म्हणजे मूल्याच्या दिशेने पाऊल टाकण्याची अडचण याहून मोठी. एडीएचडी असलेल्या माणसाला आपली मूल्यं सांगता येत नाहीत असं नाही. तो ती उत्कटतेने सांगतो. सोमवारी सकाळी मात्र पाऊल पडत नाही. बार्कली यांचा सांधा तो हाच. म्हणून मनातला निश्चय मनात ठेवून भागत नाही. तो बाहेर आणावा लागतो. भिंतीवरचा कागद, फोनचा गजर, शेजारी बसून आपलं काम करणारा मित्र, दहा मिनिटांत संपेल एवढंच पहिलं काम. जुन्या नीतिशास्त्राला ही कुबडी वाटेल. आम्ही म्हणू, चष्मा लावणाऱ्याला कुणी इच्छाशक्ती वापर असं सांगत नाही. आणि ज्याला औषधाचा उपयोग होतो त्याने ते घेणं हा स्वीकाराचा पराभव नव्हे. आपल्याला मदत लागते हे मान्य करणं हाही स्वीकारच.

ऑटिझमच्या बाबतीत २०१३ साली नेदरलँड्समध्ये ॲनेलिस स्पेक आणि सहकाऱ्यांनी साधारण ४० प्रौढांवर ध्यानाधारित उपचाराची चाचणी घेतली. त्यांनी काय गाळलं ते महत्त्वाचं: रूपकं, कल्पनाचित्रं, दोन अर्थ निघतील अशी भाषा. स्वीकाराधारित उपचार तर रूपकांनी भरलेले. मन म्हणजे बस, विचार म्हणजे दंगा करणारे प्रवासी, तू चालक. काहींना हे लगेच भिडतं. पण ज्याला शब्दाचा सरळ अर्थ आधी ऐकू येतो तो विचारतो, बस कुठली, प्रवाशांना उतरवत का नाही? प्रश्न मूर्खपणाचा नाही. उपमाच अपुरी आहे. मग एक तर सरळ सांगावं, नाहीतर त्या माणसाच्या आवडीच्या जगातली उपमा घ्यावी. ज्याला रेल्वेची वेळापत्रकं पाठ आहेत त्याच्याशी सिग्नल आणि रुळांच्या भाषेत बोलावं. तो आपल्याहून पुढे जाईल.

दुसरी अडचण भावनेच्या नावाची. उपचारक विचारतो, आत्ता काय वाटतं आहे, शरीरात कुठे वाटतं आहे? भावना ओळखून तिला शब्द देणं ज्यांना जड जातं त्या अवस्थेला सत्तरच्या दशकात पीटर सिफ्नियोस यांनी अलेक्सिथायमिया असं नाव दिलं. २०१९च्या एका एकत्रित पाहणीत ऑटिस्टिक लोकांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये ती आढळली; इतरांमध्ये सुमारे ५ टक्क्यांत. मग ज्या भावनेचं नावच सापडत नाही तिचा स्वीकार कसा करायचा? इथे पायरी खाली घ्यावी लागते. आधी पोटात आवळल्यासारखं होतं का, कान गरम झाले का, शेवटचं कधी खाल्लं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देण्याने कुणाची बेचैनी वाढत असेल, तर डोळे उघडे ठेवून हातातल्या गोट्याचा गुळगुळीतपणा चालतो.

स्वीडनमध्ये योहान पान्के आणि सहकाऱ्यांनी या दिशेने सर्वांत चिकाटीने काम केलं. २०१४ साली २८ विद्यार्थ्यांवरचा सहा आठवड्यांचा शालेय कार्यक्रम प्रसिद्ध झाला, पुढे ऑटिस्टिक प्रौढांसाठी मुद्दाम घडवलेली पद्धत, आणि मग ३९ प्रौढांची चाचणी. ताण कमी झाला, जीवनमान सुधारलं. सगळ्याच बाबतींत फरक पडला असं मात्र नाही. आकडे लहान आहेत, हे लक्षात घ्या. दरवाजा उघडला आहे एवढंच म्हणावं. घर बांधून झालं असं कुणी म्हणू नये. शिवाय ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच माणसाला अधिकृतपणे देता येऊ लागली ती २०१३च्या अमेरिकन निदानपुस्तिकेपासून. त्याआधी नियमच एकाला नाकारत असे. दोन्ही असलेल्या माणसांवरचं काम मागे राहिलं, त्याला हा नियमही कारण आहे.

आता पुन्हा एपिक्टेटसच्या रेघेकडे येऊ. स्वीकाराधारित उपचारांचं मूळ म्हणणं असं आहे, की स्वीकार आतल्या अनुभवांचा करायचा, बाहेरच्या परिस्थितीचा नव्हे. परिस्थिती बदलता येत असेल तर बदलायची. कागदावर हे निर्दोष आहे. पण ती लुकलुकणारी ट्यूब घ्या. तुम्हा-आम्हाला ती किरकोळ कटकट. एखाद्या ऑटिस्टिक माणसाला ती कपाळात सुई टोचावी तशी. ही वेदना आतली की बाहेरची? उपचारक म्हणाला, या वेदनेला जागा दे, तर तो बटण दाबायचं काम त्या माणसाच्या मनावर ढकलतो आहे. एपिक्टेटसची रेघ माणसागणिक, शरीरागणिक हलते. ती कुठे आहे हे ज्याचं शरीर त्यालाच आधी विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. अनेक ऑटिस्टिक माणसं आयुष्यभर स्वतःला लपवतात. हसू पाठ करतात, नजर भिडवण्याचे सेकंद मोजतात. अशा लपवण्याचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध असल्याचं सारा कॅसिडी यांच्या गटाने २०१८ साली दाखवलं. अशा माणसाला विचारलं, तुझी मूल्यं काय, तर तो पटकन म्हणेल, सगळ्यांत मिसळता यावं. हे त्याचं मूल्य की आपण त्याच्या तोंडी घातलेला धडा? इथे उपचारकाने घाई केली तर लोवास मागच्या दाराने परत येतो, फक्त मृदू आवाजात.

२०१२ साली डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने एक साधा मुद्दा मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणता. इतरांना तरी त्याचं मन कुठे कळतं? न कळणं दुहेरी आहे. मग स्वीकारही दुहेरीच हवा.

मराठीत आपल्याकडे या एका कल्पनेला किती शब्द आहेत पाहा. सोसणं, पत्करणं, कबूल करणं, मान्य करणं, सामावून घेणं. सोसण्यात पर्याय नसतो. पत्करण्यात निवड असते, आणि निवडीबरोबर जोखीम येते. सामावून घेणं मात्र एकट्याला करता येत नाही. त्याला घर लागतं, वर्ग लागतो, कचेरी लागते. उपचाराच्या खोलीत ‘स्वीकार कर’ म्हटलं आणि समोरच्याला ‘सोस’ असं ऐकू आलं, तर दोष ऐकणाऱ्याचा नाही. पत्करणं त्याच्याकडे, सामावून घेणं आपल्याकडे, अशी वाटणी केली तर कदाचित हा उपचार पुरा होईल. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे सामावून घेण्याचं आपलं काम कागदावरही अपुरंच आहे.

आता सुरुवातीच्या सूचनेबद्दल. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला एक मुलगा असे. पाय सतत हलत असायचा, वहीच्या समासात चित्रं, मध्येच उठून खिडकीपाशी. निबंध एकही वेळेवर नाही. प्रश्न मात्र असे विचारायचा, की आम्हाला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. एक दिवस वर्गासमोर आम्ही त्याला म्हणालो, “बुद्धी आहे तुला, पण तू मनावर घेत नाहीस. आधी एका जागी बसायला शिक.” वर्ग हसला. तो पुढच्या तासाला आला नाही, त्या सत्रात पुन्हा आलाच नाही.

त्याला काय होतं, काही होतं का, हे आज आम्ही ठरवू शकत नाही, ठरवूही नये. पण स्टिलची ती १९०२ची व्याख्यानं पुष्कळ वर्षांनी वाचली तेव्हा आपलंच वाक्य आपल्याला ओळखू आलं. नैतिक नियंत्रणातला दोष. मनावर घेत नाहीस. आम्ही त्या मुलाकडे स्वीकाराची अपेक्षा केली आमच्या बाकाची, आमच्या घंटेची. त्याला खिडकीपाशी उभं राहून ऐकू दिलं असतं तर आमचं काय गेलं असतं? काही नाही. आणि त्याचे प्रश्न आम्हाला मिळत राहिले असते.

म्हणून आजची ती सूचना. आम्ही बोलत असताना मागे तिघे-चौघे फिरत होते, आम्हाला दिसत होते. त्यामुळे एकही वाक्य अडलं नाही. प्रश्न असतील तर आता घेऊ. उभ्याने विचारले तरी चालतील.